जुन्या कपड्यांना ‘नको’ म्हणण्याचा हक्क

कपाट आवरायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. वर्षभरात जे अंगावर चढलं नाही ते बाहेर काढा, तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. पहिला आणि तिसरा ढीग आपल्या हातात असतो. दुसऱ्याचं तसं नाही. ‘द्यायचं’ म्हटलं की घेणारं कुणीतरी लागतं. ते कोण, त्याला हे हवंय का, आणि नको असेल तर तसं तोंडावर सांगता येईल का, हे त्या व्हिडिओत कुणी बोलत नाही.

मी विष्णुपुरीत राहते. नांदेडहून गोदावरी ओलांडून लातूर रस्त्याला लागलं की आमचा परिसर येतो. इंजिनिअरिंग कॉलेज, सरकारी मेडिकल कॉलेज आणि त्याचं हॉस्पिटल, पलीकडं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. एका बाजूला हॉस्टेलं आहेत. उन्हाळ्यात पोरं-पोरी खोल्या सोडतात तेव्हा मागं उरतात फेस्टचे टी-शर्ट, आखूड झालेल्या जीन्स, एका परीक्षेपुरती घेतलेली स्वेटरं. दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलच्या आवारात खेड्यांतून आलेले पेशंटचे नातेवाईक वाकळ अंथरून रात्र काढतात. दोन्ही ठिकाणी जुनं कापडच आहे, पण एकीकडं त्याची अडचण झालीय आणि दुसरीकडं तेच अंथरूण आहे. इतिहास शिकलेली असल्यानं मला प्रश्न पडला, की हे अंतर पडलं कधी?

कापड संपायचं, टाकलं जायचं नाही

आजीच्या पिढीत कपडा ‘टाकणं’ ही क्रियाच नव्हती. नऊवारी लुगडं मध्यभागी विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं घरात, शेतात चालायचं. तेही फाटलं की त्याचं बाळाचं दुपटं, बाळुतं, झोळी. बायकांच्या महिन्याच्या चार दिवसांचं कापडही त्यातूनच निघायचं, त्याबद्दल फक्त कुणी बोलायचं नाही. उरलेल्या तुकड्यांचे थर लावून धावदोऱ्यानं वाकळ शिवायची. पुणे-नगरकडं तिला गोधडी म्हणतात. वाकळीच्या पोटात पणजोबांचं धोतर आणि आत्याचं परकर-पोलकं शेजारी शेजारी निजलेलं असायचं.

वाकळीतही जे बसत नव्हतं त्याचं पोतेरं व्हायचं, सारवायला. पोतेऱ्याच्याही लायकीचं उरलं नाही की पलिता किंवा काकडा. देवळात पहाटे काकडआरतीला जळायचं आणि राख व्हायची. चिंधीला आणखी एक वाट होती. मुहम्मद तुघलकानं १४व्या शतकात राजधानी दौलताबादला आणली, त्या काळापासून तिथल्या कागजीपुऱ्याचं नाव हातकागदाशी जोडलेलं आहे. चिंध्या भिजवून, कुटून, त्यांचा लगदा करून कागद होतो. म्हणजे एखाद्याचं विरलेलं सुती कापड दुसऱ्याच्या हिशेबाचं पान होऊ शकत होतं.

यात पर्यावरणप्रेम शोधू नका. कापड महाग होतं, एवढंच. आणि ते सुती होतं, म्हणून हे सगळं जमायचं. नांदेड परिसर कापसाचा. इथल्या कापूस संशोधन केंद्राचं ‘एनएचएच-४४’ हे संकरित वाण ‘नांदेड ४४’ या नावानं शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं. शहरात निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल होती, ती पुढं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि शेवटी बंद पडली. कापूस शेतात, सूत मिलमध्ये, लुगडं अंगावर, वाकळ अंगाखाली. एवढ्या पंचक्रोशीत कापडाचं आयुष्य सुरू होऊन संपायचं.

भांडेवाली

मग घरात कपडे वाढले. दोन जोड्यांचे पाच झाले, पाचाचे दहा. वाकळीत मावेनात इतके. तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन भांडेवाली येऊ लागली. पुण्या-मुंबईत तिला बोहारीण म्हणतात. मुंबईच्या बाजूला या धंद्यात गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका मोठ्या संख्येनं आहेत. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो.

लहानपणी मी हे व्यवहार उंबऱ्यात बसून पाहिलेत. भांडेवाली पँट उजेडाकडं धरायची. बुडाशी विरलीय का बघायची, चेन दोनदा वर-खाली करायची, शर्टाची कॉलर उलटी करून पाहायची. पुरुषांच्या पँटींना भाव, रेशमी साडीला त्याहून जास्त. सुती साडी दिसली की तिचा चेहरा पडायचा, लहान मुलांच्या कपड्यांना ती हातच लावायची नाही.

“बाई, एवढ्यात चाळणी येईल. पातेलं नाही परवडत.”

“अहो मावशी, ही पँट तर नवीच आहे की.”

“नवी असती तर साहेबांनी घातली नसती का? अजून एक साडी टाका.”

आई कुरकुरत आणखी एक साडी आणायची. कधी भांडेवाली पाटी उचलून निघायचं नाटक करायची, कधी आई दार लावायचं. शेवटी दोघींना आपण जिंकलो असं वाटायचं. मग ते कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून आठवडी बाजारात जायचे आणि विकत घेतले जायचे. विकायच्या लायकीचं नसलेलं गॅरेजमध्ये हात पुसायला जायचं. जरीच्या साड्या वेगळ्या निघायच्या, खरी जर जाळून त्यातली चांदी काढणारे लोक होते.

या व्यवहाराकडं आपण घरगुती गंमत म्हणून पाहतो. मला त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भांडेवाली ‘नको’ म्हणू शकत होती. आमच्या जुन्या कपड्यांची किंमत तिच्या तोंडून ठरत होती. तिच्यापुढं आम्ही दाते नव्हतो, आम्ही गिऱ्हाईक होतो. आणि पुढं आठवडी बाजारात ती पँट घेणारा शेतमजूरही ती उलटीपालटी करून, भाव पाडून, नाही पटली तर ठेवून जात होता. जुनं कापड हातातून हातात गेलं, पण त्यासाठी मान कुणाला खाली घालावी लागली नाही.

हे नेहमी असं नव्हतं.

बावन्न हक्कांतला एक

लातूर जिल्ह्याला लागून बीदर आहे. आज ते कर्नाटकात आहे, पूर्वी या सगळ्या मुलखाची राजधानी होतं. महार समाजात एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची. अमृतनाक नावाच्या महारानं बीदरच्या बादशहाच्या बेगमेला सोडवून आणलं आणि बक्षीस म्हणून स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले. या बावन्न हक्कांच्या यादीत एक हक्क होता प्रेतावरच्या कापडाचा.

‘हक्क’ हा शब्द इथं नीट पाहा. गावगाड्यात महारांना वेसकरीपासून मेलेली जनावरं ओढण्यापर्यंतची कामं करावी लागत. त्याबदल्यात रोजगार मिळत नसे, बलुतं मिळे: धान्य, उरलेली भाकर आणि मढ्यावरचं कापड. ते घेणं हे काम होतं, आणि काम नाकारता येत नव्हतं. जे नाकारता येत नाही त्याला हक्क म्हणण्याची ही जुनी युक्ती आहे. तिच्यामागं शास्त्राचा आधारही होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रं वापरावीत असं म्हटलंय, आणि सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत असंही. म्हणजे अंगावरून उतरलेलं कापड खाली देणं ही दयाबुद्धी नव्हती. कोण वर आणि कोण खाली, हे रोज डोळ्यांना दिसावं याची ती व्यवस्था होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी वेगळं बोलले, आणि त्या भाषणाचा मोठा भाग कपड्यांबद्दल होता. लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण होऊन बसलेले दागिने अंगावरून काढा, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘मिळालेलं’ अंगावर घातलं त्यांनी ‘निवडलेलं’ घालावं, हा त्याचा अर्थ मला लागतो. बाबासाहेबांच्या पुतळ्यांवरचा सूट पाहून नाक मुरडणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसतो.

याच काळात विदर्भातून एक माणूस उलट्या दिशेनं चालला होता. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या जोडून शिवलेला झगा घालत. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. बाबासाहेबांचा सूट आणि गाडगेबाबांची गोधडी समोरासमोर ठेवली तर विरोधी वाटतात. दोघांत एक गोष्ट समान आहे: आपल्या अंगावर काय असावं हे दोघांनी स्वतः ठरवलं.

जाळावं की वाटावं?

जुने, नकोसे कपडे गरिबांना द्यावेत की नाही, हा वाद स्वातंत्र्यलढ्यातही झाला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. देशात माणसं उघडी असताना कपडे जाळायचे? चार्ल्स अँड्र्यूज यांच्यासारख्या जवळच्या मित्राला हे पटलं नाही. रवींद्रनाथ टागोरांनीही जाहीर आक्षेप घेतला. गांधीजींचं उत्तर ‘यंग इंडिया’त आलं. त्याचा गाभा असा होता, की उघड्या माणसाला नको असलेले कपडे देऊन मी त्याचा अपमान करणार नाही. त्याला गरज आहे कामाची, ते मी देईन.

होळी योग्य होती की नाही, यावर आजही वाद घालता येईल. पण ‘जे मला नको ते गरिबाला चालेल’ या समजुतीला त्या उत्तरानं हात घातला होता. आपल्या दुसऱ्या ढिगाचा पायाच तो आहे.

किल्लारी आणि नागपट्टणम

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजायच्या आत लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावं कोसळली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. पुढं ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. देशभरातून मदत आली आणि तिच्यात कपड्यांचे गठ्ठे होतेच. नांदेडहून मदतीला गेलेले माझे एक नात्यातले काका सांगायचे, की गठ्ठा सोडला की वर शाळेचा गणवेश, खाली लग्नातला कोट, मध्ये एका पायातला मोजा. नऊवारी नेसणारी म्हातारी समोर उभी आणि हातात बेलबॉटम. आदल्या दिवसापर्यंत स्वतःची शेती असलेली ही माणसं होती. त्यांनी आयुष्यात कुणाचं उतरलेलं घातलं नव्हतं. ती कपडे बघत, घडी करून परत ठेवत आणि काही न बोलता निघून जात, असं काका म्हणायचे.

अकरा वर्षांनी, २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. नागपट्टणमच्या बाजूला रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग लागले. मच्छीमार समाजानं ते घ्यायला चक्क नकार दिला. समुद्रात जाऊन कमावून खाणारे लोक आम्ही, कुणाचे वापरलेले कपडे घालत नाही. बातम्यांत याला कुणी माज म्हटलं. ज्यांचं घर, नाव, जाळं सगळं वाहून गेलं त्यांच्याकडं शेवटी जे शिल्लक होतं ते त्यांनी वापरलं होतं: ‘नको’ हा शब्द. त्या ढिगांतले कपडे निवडून मार्गी लावायचं काम पुढं ‘गूंज’ या संस्थेनं केलं.

देश ‘नको’ म्हणतो तेव्हा

आता थोडं लांब जाऊ, कारण आपला ढीग आता जगाच्या ढिगाचा भाग आहे. श्रीमंत देशांतले ‘दान’ केलेले कपडे बहुतांशी विकले जातात. घानाच्या अक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात त्यांना जे नाव आहे त्याचा अर्थ होतो ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’. एवढे चांगले कपडे कुणी जिवंतपणी देईल यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून. लोकरीचे जुने कपडे हरियाणातल्या पानिपतला येतात, पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं आणि त्या सुताच्या खरखरीत ब्लँकेटी आपत्तीग्रस्तांना वाटायला जगभर जातात.

पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६मध्ये ठरवलं, की जुन्या कपड्यांची आयात हळूहळू बंद करायची, म्हणजे आपले शिंपी आणि कारखाने उभे राहतील. रवांडानं किलोमागं २० सेंट असलेला कर अडीच डॉलर केला. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली. बाकीचे देश मागं हटले, रवांडा हटला नाही. २०१८मध्ये अमेरिकेनं रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी करसवलत थांबवली. एका अख्ख्या देशाला ‘तुमचे उतरलेले कपडे नकोत’ म्हटल्याबद्दल किंमत मोजावी लागली. बलुत्याची आठवण होते ती इथं.

पॉलिस्टरचं काय करायचं?

आपल्याकडं मात्र साखळी दोन्ही टोकांनी तुटलीय. नवा टी-शर्ट दीडशे रुपयांना मिळत असेल तर जुना आठवडी बाजारातून कोण घेणार? भांडेवाली आमच्या गल्लीत येईनाशी झाली त्यामागचं गणित एवढंच असावं. आणि कापड सुती राहिलं नाही. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, म्हणून त्याचं ना बाळुतं होतं ना फरशी पुसायचं फडकं. जाळलं तर राख होण्याऐवजी वितळून गोळा होतो.

नांदेडला याचा एक विशेष संदर्भ आहे. इथली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, उदगीरच्या केंद्रात त्याची खादी विणली जाते. देशात शेवट कसा व्हावा हे नियमात लिहून ठेवलेलं कापड म्हणजे ध्वज. फाटला, खराब झाला की तो एकांतात, सन्मानानं, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करावा, असं ध्वजसंहिता सांगते. ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीनं पॉलिस्टरच्या आणि मशीनवर केलेल्या ध्वजालाही परवानगी मिळाली. आता तोही शेवटी वितळणार.

काही जण वाट शोधताहेत. ‘गूंज’ १९९९मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केली, २०१५मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकरी आपलं काम स्वतः ठरवतात, विहीर, रस्ता, बांध, आणि श्रमाबद्दल कपड्यांचा संच कमावतात. गांधीजींच्या १९२१च्या उत्तराशी हे जुळतं. निरुपयोगी सुती कपड्यांची ते सॅनिटरी पॅडही करतात, आजीच्या पिढीत ज्याबद्दल बोलायचं नाही तेच. ‘माणुसकीची भिंत’ इराणमधून जगभर पसरली आणि महाराष्ट्रातल्याही अनेक शहरांत आली. कल्पना साधी आहे: नको ते अडकवून जा, हवं ते घेऊन जा. घेणारा निवडू शकतो, कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, हे तिचं बळ. पण भिंतीखाली फाटके कपडे साचू लागले की ती उकिरडा होते. तुमच्या शहरातली भिंत एकदा जाऊन बघा.

दिवाळीआधी मी माझं कपाट काढलं. घरी कामाला येणाऱ्या ताईंना म्हटलं, “ताई, यातलं काही लागेल का बघता? नसेल तर तसं सांगा.” त्यांनी खाली बसून एकेक उघडून पाहिलं. शिवण ओढून बघितली, काखेत बघितलं. माझा आवडता कुर्ता बाजूला सारला.

“हे नको मॅडम. माझी लेक कॉलेजला जाती आता. असलं नाही घालत ती.”

एक निळं स्वेटर आणि दोन सलवार त्यांनी घेतल्या. सुती साड्या मी शेजारच्या गावात वाकळी शिवून देणाऱ्या एका आजींकडं दिल्या. शिवणावळ ठरवताना त्यांनी दोनशे रुपये वाढवून घेतले आणि एक साडी ‘फार विरलीय, दोरा धरणार नाही’ म्हणून परत केली. तिचं फडकं झालं.

उरलं एक गाठोडं, सगळं पॉलिस्टरचं. चकाकतं, न फाटलेलं, धुतलेलं. त्याला विचारून झालेल्या प्रत्येकानं ‘नको’ म्हटलंय. ते मी कुठल्या भिंतीवर टांगलं नाही, कुठल्या ट्रकमध्ये चढवलं नाही. घरातच ठेवलंय, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. मोबाईलवर सेलची जाहिरात आली की तो कप्पा उघडते.